परीक्षा कुणाची घ्यायची?

देशाचा इतिहास, संस्कृती आणि राज्यकारभार यांची प्रश्नोत्तरं पाठ करणारी दोन तऱ्हेची माणसं विदर्भातल्या राळेगावसारख्या तालुक्याच्या गावाला चांगली ओळखीची आहेत. पहिली म्हणजे तलाठी, पोलीस आणि राज्यसेवेच्या भरतीसाठी वर्षानुवर्षं झटणारी मुलं-मुली. दुसरी म्हणजे शिकून परदेशी गेलेली आणि आता तिथल्या नागरिकत्वाच्या परीक्षेला बसणारी. पहिल्यांना नोकरी हवी आहे, दुसऱ्यांना मताचा अधिकार आणि पासपोर्ट. राज्यघटना, संसद, न्यायालय आणि स्वातंत्र्यलढा हा अभ्यास मात्र दोघांनाही चुकत नाही.

या अभ्यासातून नागरिक घडतो का, हा प्रश्न इथे एका मामा-भाचीच्या तोंडी घातला आहे. मामा निवृत्त इतिहास शिक्षक आहेत आणि संध्याकाळी भरतीच्या मुलांना शिकवतात. भाची अमेरिकेत न्यू जर्सीत राहते, नागरिकत्वाचा अर्ज भरून दिवाळीला माहेरी आली आहे. ही दोघं कुणा एका घरची नाहीत. त्यांचा वाद मात्र अनेक घरांतला आहे.

भाची : मामा, ही पुस्तिका घ्या आणि मला प्रश्न विचारा. एकूण 128 आहेत. परत गेले की मुलाखतीची तारीख कधीही येईल. तुमच्यासारखा कडक परीक्षक मला तिकडे मिळायचा नाही.

मामा : विचारतो. लिंकनच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यानं काय केलं?

भाची : गुलामांना मुक्त केलं.

मामा : आणि एवढ्यावर तुला गुण? अवं बाई, 1 जानेवारी 1863 चा तो जाहीरनामा बंड केलेल्या राज्यांपुरता होता. जी गुलामगिरीची राज्यं लिंकनच्या बाजूनं राहिली, तिथले गुलाम त्या कागदानं सुटले नाहीत. गुलामगिरी देशभर गेली ती 1865 च्या तेराव्या घटनादुरुस्तीनं. एका ओळीच्या उत्तरानं तुला जाहीरनाम्याचं नाव कळलं, पण लिंकनला एवढं अडखळत पाऊल का टाकावं लागलं, ते राहून गेलं.

भाची : बंडखोर राज्यांतल्या गुलामांना मुक्त केलं, हे उत्तरही त्या यादीत आहे. पण तुमचं म्हणणं खरं आहे, हा इतिहासाचा अभ्यास नव्हे. तसा कुणाचा दावाही नाही. पाच वर्षं कायम रहिवासी म्हणून काढलेल्या माणसाला आपण कोणत्या राज्यव्यवस्थेत शिरतोय याची जाण आहे का, एवढंच त्यांना बघायचं असतं. सर्वोच्च कायदा कोणता? राज्यघटना. सरकारच्या शाखा तीन का? एकाच्या हाती सगळी सत्ता एकवटू नये म्हणून. कायद्याचं राज्य म्हणजे काय? राज्यकर्त्यांसकट कुणीही कायद्यापेक्षा मोठं नाही. यातलं कोणतं ज्ञान तुम्हाला फालतू वाटतं?

मामा : एकही नाही. माझा आक्षेप उत्तरांना नाही. कुणीतरी टेबलापलीकडे बसून माणसाला नागरिक म्हणायचं की नाही हे अशा उत्तरांवर ठरवावं, हे मला पटत नाही.

भाची : टेबलापलीकडच्या माणसाचे हात बांधावेत म्हणून तर ही यादी आहे, मामा. पूर्वी कुठला न्यायाधीश किंवा अधिकारी काय विचारेल याचा नेम नसे. एकाला सोपा प्रश्न, दुसऱ्याला मुद्दाम अवघड. आता प्रश्न आणि उत्तरं दोन्ही सरकारनंच छापून दिलेली आहेत. 2008 पासून 100 प्रश्नांची यादी होती, त्यातले दहापर्यंत विचारायचे आणि सहा बरोबर आले की पास. 20 ऑक्टोबर 2025 पासून अर्ज करणाऱ्यांसाठी यादी 128 ची झाली, वीस विचारतात आणि बारा बरोबर लागतात. पहिल्यांदा नाही जमलं तर त्याच अर्जावर दुसरी संधी मिळते.

मामा : आणि ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांचं काय?

भाची : पन्नाशी ओलांडलेल्या आणि वीस वर्षं कायम रहिवासी असलेल्या माणसाला इंग्रजीची सूट आहे. पंचावन्न वर्षांवरच्याला पंधरा वर्षं पुरतात. ते आपल्या भाषेत, दुभाष्यामार्फत उत्तरं देऊ शकतात. म्हणजे आपल्या एखाद्या मावशीला अमेरिकेची राज्यघटना मराठीतून सांगता येते. पासष्टी ओलांडलेल्या आणि वीस वर्षं राहिलेल्यांना तर वीसच प्रश्नांचा अभ्यास असतो. ही परीक्षा माणूस पास व्हावा म्हणून घेतलेली आहे. आता तुमच्या भरतीच्या परीक्षेकडे बघा.

मामा : तिचं नाव काढू नकोस, तिथं माझाही जीव तुटतो.

भाची : काढणारच. 2023 च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास होत्या आणि अर्ज दहा लाखांवर गेले. शंभर प्रश्न, दोनशे गुण. जिथं एवढ्या माणसांतून एवढेच घ्यायचे असतात, तिथं प्रश्न विचारला जातो तो माणूस गाळायला. कोणत्या कलमात काय आहे, कोणती समिती कोणत्या वर्षी नेमली. तुमच्या मुलांना पंचायत राज म्हटलं की कलम 243 आठवतं, त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती आठवते, ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली तेही आठवतं. पण आपल्या गावच्या ग्रामसभेला त्यातले किती जण जाऊन बसले असतील?

मामा : वर्गात विचारलं की खूप कमी हात वर येतात. त्यात राळेगाव आता नगर पंचायत झालं, म्हणजे गावातल्या मुलांना ग्रामसभाच उरली नाही. खेड्यातून येणाऱ्यांना आहे, पण ती सभेच्या दिवशी इथं अभ्यासिकेत ग्रामसभेवरचे प्रश्न सोडवत असतात. मी त्यांना दोष देत नाही. कापसाच्या भावावर घर चालत नाही हे त्यांनी लहानपणापासून पाहिलंय. पण तुझ्याच बोलण्यातून माझा मुद्दा पक्का होतो. प्रश्नोत्तरांनी नागरिक घडत असता, तर राळेगावच्या अभ्यासिकांतून महाराष्ट्रातले सर्वांत जागरूक नागरिक बाहेर पडले असते.

भाची : घडत नाही, कारण ते ज्ञान वापरायची जागाच परीक्षेनं दाखवलेली नाही. माझ्या यादीत तुमच्या भागाचा प्रतिनिधी कोण, हाही प्रश्न आहे. त्याचं उत्तर छापलेलं नसतं, ते आपलं आपण शोधावं लागतं. मी शोधलं आणि पहिल्यांदा कळलं की त्या बाईंच्या कार्यालयाला फोन करता येतो. तिथं इतकी वर्षं कर भरूनही मला हे माहीत नव्हतं.

मामा : ही गोष्ट चांगली आहे, मान्य. पण तू ज्या देशाच्या परीक्षेचं कौतुक करतेस, तिथं परीक्षेनं काय काय केलंय तेही त्या पुस्तिकेत हवं होतं. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या माणसाला मतदार यादीत नाव घालायचं असेल, तर साक्षरतेची परीक्षा द्यावी लागे. अधिकारी त्याला घटनेचा किचकट उतारा देऊन अर्थ विचारायचा, आणि बरोबर काय नि चूक काय ते स्वतःच ठरवायचा. कॉलेजात शिकलेला काळा माणूस नापास होत असे आणि अक्षरओळख नसलेला गोरा यादीत जात असे. 1965 च्या मतदान हक्क कायद्यानं ते मोडलं.

भाची : नागरी हक्कांच्या चळवळीवरचा प्रश्न यादीत आहे, मार्टिन ल्यूथर किंग आहेत. ती साक्षरतेची परीक्षा मात्र नाही, हे खरं.

मामा : आणि आपल्याच माणसाची गोष्ट ऐक. भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात होते. त्यांनी नागरिकत्व मागितलं. 1923 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थानं गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. त्यांनी कितीही अभ्यास केला असता, तरी उपयोग नव्हता. हिंदी लोकांसाठी ते दार उघडलं 1946 मध्ये, आणि तेव्हाही नव्यानं येणाऱ्यांना कोटा ठेवला वर्षाला शंभर जणांचा. म्हणून कुणी म्हणालं, की आम्ही फक्त चार प्रश्न विचारतो, तर मी आधी विचारतो की ते कुणाला विचारता आणि कुणाला दारातच उभं करत नाही.

भाची : त्यावर मी एवढंच म्हणेन, की रंग बघण्यापेक्षा प्रश्न विचारणं बरं. रंग बदलता येत नाही, अभ्यास करता येतो. आणि बहुतेक देश आता हेच करतात. ब्रिटनमध्ये 45 मिनिटांत 24 प्रश्न, 18 बरोबर लागतात. कॅनडात वीसपैकी पंधरा. ऑस्ट्रेलियात वीस प्रश्नांत पाच तिथल्या मूल्यांवरचे असतात आणि ते पाचही बरोबर यावे लागतात. आपल्याकडे मात्र परदेशी माणसाला नागरिक करून घेताना लेखी परीक्षाच नाही.

मामा : लेखी परीक्षा नाही, पण अटी आहेत. 1955 च्या नागरिकत्व कायद्यात वास्तव्याची वर्षं आहेत, चांगल्या वर्तणुकीची अट आहे, आणि घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या एखाद्या भाषेचं पुरेसं ज्ञान लागतं. त्यात मराठीही आली. पण मी बोलतोय ते बाहेरून येणाऱ्यांबद्दल नाही. इथल्या नागरिक आईबापांच्या पोटी जन्मलेल्या माणसाला हा देश कोणतीही परीक्षा न घेता नागरिक मानतो, मत देतो, आणि हे सहज घडलेलं नाही. इंग्रजांच्या काळात मत मिळायचं ते जमीन, कर किंवा शिक्षण बघून. राळेगाव तालुक्यातला कोलाम, गोंड, दुसऱ्याच्या शेतात राबणारी बाई, यांच्यातलं कुणी त्या चाळणीतून वर आलं असतं का? डॉक्टर आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला, तेव्हा भले भले म्हणत होते की अडाणी माणसाला मत देऊन काय होणार.

भाची : आणि 1951 मध्ये शंभरातले अठराच लोक साक्षर होते.

मामा : तरी सतरा कोटींवर माणसांची यादी केली. पेट्यांवर चिन्हं लावली, कारण बहुतेकांना वाचता येत नव्हतं. राज्यानं माणसाला एकच प्रश्न विचारला, तुझं नाव काय? त्या एका प्रश्नावरही सुमारे 28 लाख बायकांची नावं गळाली. त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं होतं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ती नावं यादीत ठेवू दिली नाहीत, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत त्या बायका नावानं नोंदल्या जाव्यात म्हणून खटपट झाली. जगाच्या दृष्टीनं अशिक्षित असलेल्या या देशानं आपल्या माणसांवर आधी विश्वास टाकला. शिकवायचं काम मागाहून करायचं ठरवलं.

भाची : मामा, ते मागाहूनचं कामच तर राहिलं. विश्वास टाकला, त्याला मी हात जोडते. पण पुढं काय झालं? शाळेत इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून एक पेपर आणि त्यात राज्यशास्त्राचा वाटा लहान. दहावी झाली की पुस्तक बंद. ज्याला भरती द्यायची नाही, तो घटनेचं पान पुन्हा उघडत नाही. मी अमेरिकेची घटना वाचली ती परीक्षा होती म्हणून, आणि ती वाचताना लाज वाटून आपली वाचली. तारीख ठरलेली नसती तर दोन्ही वाचल्या नसत्या. म्हणून मला वाटतं, निदान सरपंच आणि नगरसेवक होणाऱ्याची तरी परीक्षा घ्यावी.

मामा : तसं काही अंशी केलंय सरकारनं. महाराष्ट्रात 1995 पासून पुढं जन्मलेल्या सरपंचाला सातवी पास असावं लागतं. हरियाणात 2015 मध्ये याहून कडक अटी आल्या आणि सर्वोच्च न्यायालयानं त्या वैध ठरवल्या. राजस्थाननंही अशा अटी आणल्या होत्या, 2019 मध्ये त्या काढून टाकल्या. आता तू मला सांग, कोलामांच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, एक तरुण बाई आहे. शाळा चौथीपर्यंतच होती, पुढं लांब होती, म्हणून तिचं शिक्षण सुटलं. वनहक्काच्या दाव्यासाठी तिनं अख्खा पोड एकत्र केला. कोणत्या जमिनीवर कोण कधीपासून कसतो हे तिला तोंडपाठ आहे. तिला सरपंच होता येणार नाही आणि सातवी पास झालेला, कधी सभेला न आलेला माणूस होऊ शकेल. शाळा पोचवली नाही सरकारनं आणि शिक्षा तिला.

भाची : ती बाई माझ्या परीक्षेत पहिली येईल.

मामा : मग तुझी परीक्षा कसली आहे ते सांग. कारण तुझ्या पुस्तिकेतली असेल तर ती नापासच होईल.

भाची : राळेगावची परीक्षा. मी प्रश्न सांगते. वनहक्काचा दावा पहिल्यांदा कुणासमोर जातो?

मामा : ग्रामसभेसमोर. मग उपविभागीय समिती, शेवटी जिल्हा समिती. 2006 चा कायदा.

भाची : माहिती अधिकारात अर्ज केला तर किती दिवसांत उत्तर यायला हवं?

मामा : तीस. माझी एक पुरवणी घे. आपल्या तालुक्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथं पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्यानं ग्रामसभेला कोणते जादा अधिकार आहेत आणि एखाद्या पोडाला स्वतःची ग्रामसभा मागता येते का? येते. हे तिथल्या प्रत्येक घराला ठाऊक असायला हवं.

भाची : नगर पंचायतीचा अर्थसंकल्प कोण मंजूर करतं आणि माझ्या वॉर्डाला त्यातलं काय आलं?

मामा : पहिला अर्धा सगळ्यांना येईल, सर्वसाधारण सभा. दुसऱ्या अर्ध्यासाठी कार्यालयात जाऊन कागद मागावा लागेल. तुझ्या त्या प्रतिनिधीच्या प्रश्नासारखंच, उत्तर शोधूनच मिळेल. आणि एक इतिहासाचा माझ्याकडून. 10 जुलै 1930 ला पुसदला काय झालं?

भाची : ... मला नाही येत, मामा.

मामा : लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून जंगलचा कायदा मोडला. ते वणीचे. मिठाच्या सत्याग्रहाला आपल्याकडे समुद्र नाही, मीठ कुठून काढणार? ज्या कायद्यानं इथल्या माणसाच्या सरपणावर आणि गुरांच्या चाऱ्यावर गदा आणली, तोच त्यांनी निवडला. पुढं जिल्ह्यात आणि विदर्भात ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. आता 2006 चा वनहक्क कायदा या घटनेशेजारी ठेवून शिकव. मग मुलाला कळेल की तलाठ्याच्या टेबलावर पडलेल्या कागदामागं केवढा इतिहास आहे. तारीख पाठ करून हे येत नाही, आणि तारीख न कळताही येत नाही.

भाची : म्हणजे तुम्हाला प्रश्न मान्य आहेत.

मामा : प्रश्न मान्य आहेत. ज्या दिवशी त्यांच्या उत्तरांवर कुणाचं मत किंवा उमेदवारी अवलंबून राहील, त्या दिवशी मी त्या यादीच्या विरोधात उभा राहीन.

भाची : आणि अवलंबून काहीच नसेल तर तो कागद कुणी वाचणार नाही. आपलं इथंच अडतंय.

मामा : अडतं खरं. तुझ्या त्या चारही देशांत आणि आपल्या भरतीत, प्रश्न विचारणारं सरकार आहे आणि उत्तर देणारा माणूस. हा क्रम उलटा केला तर?

भाची : म्हणजे मतदारानं विचारायचं?

मामा : नगर पंचायतीची, ग्रामपंचायतीची निवडणूक आली की वॉर्डात सभा घ्यायची. तू आत्ता सांगितलेस तेच प्रश्न उमेदवाराला विचारायचे. उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण शपथपत्रात जाहीर करावं लागतं, ते 2002 पासूनच्या न्यायालयाच्या आदेशांमुळे. त्यापुढचं पाऊल लोकांनी टाकायचं. अर्थसंकल्प कसा वाचतात, ते दाखवा. वॉर्डातल्या पाण्याच्या योजनेचा कागद कुठं असतो, सांगा. नाही आलं तर अर्ज बाद होणार नाही. तो उभा राहीलच. पण लोकांनी ऐकलेलं असेल.

भाची : आणि माझी अट अशी, की प्रश्न महिनाभर आधी छापून भिंतीवर लावायचे, उत्तरांसकट. मला दिलेत तसे. कुणाला खिंडीत गाठायचं नाही. उमेदवार अभ्यास करून आला तर चांगलंच, तेवढं तरी त्यानं वाचलेलं असेल. आणि प्रश्न विचारायचा तर मतदारालाही उत्तर माहीत हवं, म्हणजे तोही वाचेल. तुम्हाला हवा तसा विश्वास आणि मला हवी तशी तारीख, दोन्ही त्यात येतात.

मामा : ही अट मला मान्य आहे. माझी भरतीची मुलं तो कागद तयार करतील. कलम 243 चा त्यांना पहिल्यांदाच उपयोग होईल.

भाची : त्या सभेत मला मात्र मत नसेल. शपथ घेतली की 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानं माझं इथलं नागरिकत्व संपेल. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना देतात ते ओसीआय कार्ड मिळेल, येता-जाता येईल. पण मत देता येणार नाही, निवडणूक लढवता येणार नाही, शेती विकत घेता येणार नाही. तुम्हाला याचंच दुःख आहे ना, मामा? परीक्षेचा राग त्यातून आला.

मामा : दुःख आहे, राग नाही. शेजारच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर या क्रांतिकारक चळवळीत शिरले, इंग्रजांनी त्यांना परत येऊ दिलं नाही. त्यांनी मेक्सिकोत शेतीचं संशोधन केलं, तिथल्या शेतकऱ्यांना मक्याचं वाण दिलं, आणि देश स्वतंत्र झाल्यावरच परत आले. त्या माणसाला कोणत्या एका देशाचा म्हणशील? ज्या मातीत तू राहतेस, करही भरतेस आणि तुझी मुलं वाढतात, तिथं तुला मत हवंच. मत नसलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, हे राळेगावच्या पोडांवर कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तू शपथ घे. फक्त तिथं गेल्यावर मतदानाच्या रांगेपुरती नागरिक राहू नकोस. त्या बाईंच्या कार्यालयाचा फोन नंबर वापर.

भाची : आणि इथला कागद?

मामा : तो आपण दोघं मिळून लिहू. पहिले दहा प्रश्न आज रात्री. पुढच्या निवडणुकीत कोणताही उमेदवार दारात आला की आधी तो कागद त्याच्या हातात पडला पाहिजे.